काटकसर कुठे संपते आणि जाच कुठे सुरू होतो?

अबोली_

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी लेकीचे बूट धुवायला घेतले. आतला सोल बाहेर काढला तर अंगठ्याच्या जागी खड्डा पडलेला, अगदी पुढच्या कडेला टेकून. तिला बोलावलं, म्हटलं घालून दाखव. टाच आत जायच्या आधी तिने पायाची बोटं आत मुडपून घेतली, इतक्या सराईतपणे की आधी मला कळलंच नाही ती काय करतेय. पुन्हा घालायला लावले तेव्हा दिसलं. विचारलं कधीपासून घट्ट होतायत, तर म्हणाली, "सुट्टीच्या आधीपासून. पण आई, चालतील अजून." नऊ वर्षांची आहे.

"चालतील अजून" हे माझं वाक्य आहे. मी दिवसातून दहा वेळा म्हणते. टूथपेस्टची ट्यूब कापून आतलं संपवते, पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवते, दोन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय काही घेत नाही. आईकडून आलंय हे सगळं आणि मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. घराचं कर्ज आम्ही मुदतीच्या सहा वर्षं आधी फेडलं ते याच जोरावर. पैशांची चणचण म्हणाल तर आता अजिबात नाही. बूट मागितले असते तर मी नाही म्हटलं नसतं. पण तिने मागितलेच नाहीत.

तर प्रश्न हा की काटकसर अती होतेय हे ओळखायचं कसं? करणाऱ्याला ते आतून कळतं का? की कुणीतरी दाखवावंच लागतं?

गोगलगाय

वाचून पोटात कालवलं. आधी बूट घेतलेस ना? बाकीचं नंतर बोलू.

अबोली_

हो गं, त्याच संध्याकाळी. दीड नंबर मोठे लागले.

वाटसरू७

अबोलीताई, उगाच स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. मुलांचे पाय वाढतात, आपल्याला रोज बघून कळत नाही, प्रत्येक घरात होतं हे. अंगठ्याच्या पुढे एक सेंटिमीटरच्या आसपास जागा राहिली पाहिजे, दर तीन महिन्यांनी दाबून बघायचं, विषय संपला. तुम्ही नकार दिलेला नाही, तिने सांगितलं नाही. यात काटकसरीचा काय दोष?

उलट आजच्या दिवसांत मुलीला "चालतील अजून" म्हणता येतं याचं मला कौतुक वाटलं. माझा मुलगा मोबाइलला चरा पडला की नवीन मागतो.

सुईदोरा

वाटसरू, अहो मुद्दा तोच तर आहे, की तिने सांगितलं नाही.

मी तिच्या जागी होते म्हणून लिहितेय. सातवीत माझा चष्म्याचा नंबर वाढला. फळ्यावरचं दिसेनासं झालं. आमच्याकडे कुणी मारत नव्हतं, ओरडतही नव्हतं, फक्त काही मागितलं की बाबा एक क्षण गप्प बसायचे आणि मग म्हणायचे "बघू". तो एक क्षण मला सहन व्हायचा नाही. म्हणून मी वर्षभर शेजारणीच्या वहीतून बघून लिहिलं. तिने चुकीचं लिहिलं की माझंही चुकायचं. शेवटी बाईंच्या लक्षात आलं. बाबांना कळल्यावर ते रडले, त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. वाईट माणूस नव्हता हो. पैसे नव्हते असंही नाही.

आज मी चांगलं कमावते आणि तरीही स्वतःसाठी काही घ्यायला काउंटरवर उभी राहिले की छातीत धडधडतं, हात पर्समध्ये जातो आणि तिथेच थांबतो. ही काटकसर नाही. ही भीती आहे आणि ती मला वारशाने मिळालीये.

टिकली

सुईदोरा __/\__

जमाखर्च

सुईदोराने लिहिलेल्या धडधडीवर चक्क अभ्यास झालाय. २००८ मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन या तिघांचा निबंध आला होता, १३ हजारांपेक्षा जास्त लोकांना प्रश्न विचारून केलेला. त्यांचं म्हणणं मला फार पटलं. पैसे देताना माणसाला एक प्रकारची वेदना होते, कुणाला कमी कुणाला जास्त. ज्यांना ती फार होते ते स्वतःलाच जेवढा खर्च करावासा वाटतो त्यापेक्षाही कमी करतात. म्हणजे वस्तू हवी असते, गरज असते, पैसे असतात, पण हातून सुटत नाहीत. आणि नंतर त्याचंच वाईट वाटत राहतं.

काटकसरी माणूस यापेक्षा वेगळा, असं ते स्पष्ट म्हणतात. त्याला वाचवण्यात आनंद मिळतो. चिकट माणसाला देण्यात वेदना होते. बाहेरून दोघांची पासबुकं सारखीच दिसतील, आत चाललेलं निराळं असतं.

अबोलीताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. ट्यूब कापताना तुम्हाला मजा येते का? येत असेल तर खुशाल कापा. पण नवीन ट्यूब उघडताना जीव वर येत असेल तर गडबड आहे.

हातोडी

जमाखर्च, भारी माहिती. पण आनंद होतो म्हणजे ठीक चाललंय, हे काही मला पटलं नाही. आमच्या एका नातेवाईकांना प्रचंड आनंद होतो, त्रास बाकीच्यांना होतो.

त्यांच्या न्हाणीघरातला नळ ठिबकतो. त्याखाली वाटी ठेवलीये, भरली की ती बादलीत ओतायची, ते पाणी झाडांना. किती काळजी पाण्याची, असं येणारा जाणारा म्हणतो. मी एकदा मापाचं भांडं लावून बसलो. सेकंदाला एक थेंब, पंधरा मिनिटांत सव्वादोनशे मिली. म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस लिटर, वर्षाला आठ हजार लिटरच्या आसपास. वाटी घरात कुणी असतं तेव्हा, रात्री नाही आणि गावाला गेल्यावर तर नाहीच. आणि बिघडलंय काय, तर आतला वायसर. सगळ्यात स्वस्त वस्तू असते ती दुकानातली. मी खिशातून काढून दहा मिनिटांत बसवून दिला तर म्हणाले, "अरे, जुना चालला असता की अजून."

वाटी दिसते, वायसर दिसत नाही. बऱ्याच लोकांची काटकसर अशी दिसणाऱ्या जागी असते.

टिकली

माझ्या काकांची आठवण झाली. भेटवस्तूचा कागद इतका जपून सोडवतात, एकेक चिकटपट्टी नखाने उचलून, की तोवर भेट देणारा घरी पोचलेला असतो :) मागच्या वर्षी मला मिळालेल्या भेटीचा कागद ओळखीचा वाटला. मीच दिलेला, तीन वर्षांपूर्वी. पण काका मनाने इतके मोकळे आहेत, कुणाला अडल्या वेळी पैसे दिले तर परत मागत नाहीत. त्यांना कंजूष म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

गोगलगाय

काका झिंदाबाद. कागद वाचवतात आणि माणसं जपतात.

तिसरा_मजला

मी सहसा फक्त वाचतो, पण हा धागा बघून लिहावंच लागतंय.

माझ्या वडिलांना दिवा विनाकारण जळलेला खपायचा नाही. आम्ही खोलीतून बाहेर पडलो की मागून बटण खाली पडल्याचा आवाज यायचा. लहानपणी गंमत वाटायची. वय झालं तसं ते रात्री उठले तरी दिवा लावीनात. "पायऱ्या मला पाठ आहेत." चौदा पायऱ्या. मी जिन्यात रात्रभर जळेल असा ९ वॉटचा एलईडी लावून दिला, ते रोज रात्री आठवणीने बंद करायचे. वाद घातले, चिडलो, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही.

दीड वर्षापूर्वी पहाटे तेराव्या पायरीला चौदावी समजले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, त्यानंतर तीन महिने बहीण नोकरीवरून रजा घेऊन त्यांच्यापाशी, मी दर शनिवार-रविवार. आता काठी घेऊन चालतात.

मी नंतर एका रात्री त्यांच्या पलंगाशी बसून हिशोब केला. ९ वॉट, रोज दहा तास. एक युनिट संपायला अकरा रात्री लागतात. वर्षभर रोज जाळला तरी ३३ युनिट. सकाळी ते अंघोळीला जो दोन हजार वॉटचा गीझर पाव तास लावतात त्यात अर्धं युनिट जातं, म्हणजे एका अंघोळीत जिन्यातल्या साडेपाच रात्री. हे त्यांना मी तेव्हा सांगितलं नाही. दुखण्यात कसं सांगणार? पण आधीच शांतपणे कागदावर मांडून दाखवलं असतं तर, असं राहून राहून वाटतं. ते गणिताचे मास्तर होते, आकड्यांपुढे त्यांनी मान तुकवली असती. मी मात्र आवाज चढवत राहिलो.

अबोली_

तिसरा_मजला, काय बोलू. बाबांना नमस्कार सांगा.

वाटसरू७

वाईट वाटलं वाचून. माझं मत थोडं बदलतो. मी लिहिणार होतो की स्वतःपुरती कितीही काटकसर करा, दुसऱ्यावर लादू नका, एवढा एकच नियम पुरे. पण इथे वडिलांनी स्वतःपुरतीच केली होती आणि बिल बहिणीने भरलं. स्वतःपुरतं असं काही नसतंच की काय?

रात्रपाळी

वाटसरू, नसतंच. वीस वर्षं वॉर्डात काढलीत, त्या अनुभवावर सांगते.

बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून एक दिवसाआड घेणारे लोक मी मोजायचे सोडलेत. गोळी वाचते, बीपी आतल्या आत वाढत राहतं, दुखत-खुपत काही नाही त्यामुळे बचत झाल्यासारखं वाटतं. मग एके दिवशी अर्धं अंग गेलेलं. काही गोळ्या हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात, त्या मोडून अर्धी-अर्धी घेतली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं. डॉक्टरांना न विचारता गोळी मोडूच नका. अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार गोळ्या पुढच्या तापाला ठेवून देणं, तोही तसलाच प्रकार. डोळ्यांचे थेंब बहुतेक उघडल्यापासून चार आठवडेच वापरायचे असतात, लोक वर्ष-वर्ष तीच बाटली डोळ्यात पिळतात, कारण काय, तर अजून अर्धी आहे.

आणि विचाराल तर हे करणारे सगळे गरीब नसतात. ज्यांच्याकडे खरोखर नसतं ते स्पष्ट विचारतात, "सिस्टर, यातली कुठली घेतलीच पाहिजे?" त्यांना आम्ही स्वस्तातलं जेनेरिक सुचवतो, डॉक्टरांशी बोलतो, मार्ग निघतो. ज्याच्याकडे आहे आणि जो चुपचाप गोळ्या लांबवतोय, त्याचं आम्हाला कळतच नाही. इथेही बघा, अबोलीच्या लेकीसारखंच. न सांगणं.

जुनाट_रेडिओ

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

धागा वाचून असं वाटायला लागलंय की काटकसर हा आजारच आहे. माझी नोकरी गेली तेव्हा दुसरी मिळायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत एकाही माणसापुढे हात पसरला नाही, पोरांच्या फिया वेळेवर गेल्या, घरात एकदाही दिवा विझला नाही. का? तर त्याआधी बारा वर्षं बायको आणि मी "चिक्कू" म्हणून नावं ठेवून घेतली होती. सहलीला गेलो नाही, गाडी घेतली नाही, मित्रांनी "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही" असं तोंडावर ऐकवलं. त्याच मित्रांपैकी दोघे नंतर माझ्याकडे उसने मागायला आले, आणि मी दिले.

ज्यांनी अभाव बघितलाय त्यांची काटकसर ही जगण्यातून आलेली असते. बाहेरच्याने बघून "अती झालं" म्हणणं फार सोपं आहे. तिसरा_मजला यांच्या वडिलांनी काय दिवस काढले असतील कुणाला माहीत.

तिसरा_मजला

रेडिओकाका, कंदिलाखाली शिकले ते. रॉकेल संपलं की अभ्यास संपला. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणूनच राग येत नाही, नुसती कळ येते.

जमाखर्च

रेडिओकाका, तुमच्या उदाहरणात एक गोष्ट आहे, बारा वर्षं साठवलं ते वेळ आल्यावर वापरलं. आठ महिने खर्च केलाच ना? उसनेही दिलेत. पैशाला काम दिलंत. अती तेव्हा म्हणेन जेव्हा वेळ येऊनही हात आखडतो.

माझे आजोबा पै-पै जमवून सगळं रोख कपाटात ठेवायचे. ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागलं की पैशाची किंमत निम्मी व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते निघतं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर ७२ ला ६ ने भागा, १२ वर्षांत त्या नोटांची किंमत निम्मी. चोवीस वर्षांत पाव. चोर न येता तीन भाग गेले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

जमाखर्च

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

हातोडी

दुसरा प्रतिसाद काढून टाकलात, इथेही बचत :) हलकेच घ्या.

सुईदोरा

जुनाट_रेडिओ, तुमच्या मुलांना तेव्हा माहीत होतं का की सहल का नाही? मनापासून विचारतेय.

जुनाट_रेडिओ

हो. बायकोने सुरुवातीपासून सवय लावलेली. दर महिन्याच्या एक तारखेला चौघं चटईवर बसायचो, वही मध्ये. इतके आले, इतके इथे गेले, इतके बाजूला. थोरला सहावीत असल्यापासून बेरीज तोच करायचा. धाकटी एकदा म्हणाली, मला चित्रकलेचा क्लास हवाय, कुठून काढायचे ते तुम्ही सांगा. काढले. तुमचा प्रश्न वाचेपर्यंत हे कधी वेगळं असं जाणवलंच नव्हतं. आमच्याकडे "नाही" बरेचदा व्हायचं, पण मागायची चोरी नव्हती.

सुईदोरा

हेच. माझ्या घरी ती वही बाबांच्या कपाटात कुलपात असायची. धाकटीला नशीबवान म्हणा माझ्याकडून.

पानगळ

जपानमध्ये अशा घरगुती हिशोबाच्या वहीला काकेबो म्हणतात. हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ मध्ये ती प्रसिद्ध केली. लोक अजून वापरतात. महिन्याच्या शेवटी "काय वाचलं" यासोबत "पुढच्या महिन्यात काय सुधारू" हेही हाताने लिहायचं असतं. रेडिओकाकूंना ती न वाचताच सुचली.

अवांतर: साठवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या सासऱ्यांच्या घरी दोन खोल्यांत जायला वाट नाही. रिकामे खोके, पिशव्या, बंद पडलेले पंखे, वीस वर्षांची वर्तमानपत्रं, "लागेल कधीतरी". टाकायचं म्हटलं की हात थरथरतात त्यांचे, अक्षरशः. आम्ही आधी चेष्टा करायचो, मग भांडायचो. पुढे एका समुपदेशकाने सांगितलं की हा काटकसरीचा भाग नसावा, होर्डिंग डिसऑर्डर असं याला नाव आहे आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे. तेव्हापासून भांडण थांबलं. उपचार सुरू आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने चार गठ्ठे रद्दीत दिले आणि मग तासभर गॅलरीत बसून राहिले. सासूबाई चहा घेऊन शेजारी बसल्या, बोलल्या काही नाहीत.

रात्रपाळी

पानगळ, घाई करू नका, चार गठ्ठे खूप झाले. त्यांच्या मागे परस्पर टाकू मात्र नका, विश्वास एकदा गेला की मागे जातं सगळं.

पानगळ

हो ताई, तेच सांगितलंय आम्हाला. धन्यवाद.

वाटसरू७

काल रात्री मुलाशी बोललो, मोबाइलवाल्या. तो म्हणाला, "बाबा, मी मागतो कारण तुम्ही नाही म्हणता आणि मग आपण बोलतो." मला वाटत होतं पोरगं हट्टी आहे. अबोलीताई, पहिल्या प्रतिसादात मी जे कौतुक केलं ते मागे घेतो.

टिकली

मूळ प्रश्न राहिला की. करणाऱ्याला आतून कळतं का?

सुईदोरा

माझ्यापुरतं सांगते. पैसे वाचल्यावर हलकं वाटतं की सुटल्यासारखं वाटतं, यात फरक आहे आणि तो अंगाला कळतो. हलकं वाटतं तेव्हा मी लगेच दुसऱ्या कामाला लागते. सुटल्यासारखं वाटतं तेव्हा ती वस्तू चार दिवस डोक्यातून जात नाही. पण हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली, आणि नवऱ्याने एकदा विचारावं लागलं, "तू कुणाला घाबरतेस?"

तिसरा_मजला

वडिलांना कळलं नव्हतं. अजूनही कळलंय की नाही सांगता येत नाही. पण गेल्या महिन्यापासून जिन्यातला दिवा ते बंद करत नाहीत. मी शेवटी तो हिशोब मोठ्या अक्षरात लिहून बटणाशेजारी चिकटवला होता. त्यांनी त्यात लाल पेनाने एक दुरुस्ती केलीये, ३३ च्या जागी ३२.८५.

हातोडी

मास्तर ते मास्तर!

अबोली_

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. रेडिओकाकांची चटई आणि सुईदोराच्या बाबांचा तो एक क्षण, हे दोन्ही डोक्यातून जाईना.

मी काल लेकीला घेऊन बसले. आधी माफी मागितली, ती बावरली, म्हणाली "अगं चालतील म्हटलं ना मी". मग मी तिला सांगितलं की आपल्याकडे किती आहेत. खरे आकडे, कर्ज कधी संपलं, दर महिन्याला किती बाजूला पडतात. तिचे डोळे एवढे मोठे झाले. तिला इतके दिवस वाटत होतं की आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. कर्ज संपून वर्ष झालं आणि मी घरात तसंच बोलत राहिले, त्यामुळे तिला कुणी सांगितलंच नाही की ते दिवस सरले.

मग पाठकोरा कागद जमिनीवर ठेवून तिचा पाय त्यावर उभा केला आणि पेन्सिलीने कड काढली, खाली तारीख घातली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. दर तीन महिन्यांनी नवीन कड त्याच कागदावर काढायची असं ठरलंय. आज सकाळी बघते तर तिने शेजारी दुसरा कागद लावलेला, त्यावर माझ्या चपलेची कड. मी झोपले असताना चप्पल उचलून नेलेली. खाली लिहिलंय, "आईच्या टाचेला भोक आहे. हे चालणार नाही."

संध्याकाळी दोघी जातोय दुकानात.